सरकारी शाळेतल्या मुलानं मनातलं सांगायचं कुणाला?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

परीक्षा जवळ आल्या की आपल्या अंकात मुलांच्या मनावरच्या ताणाबद्दल लेख येतात. गेल्या रविवारीही आला. पुरेशी झोप, मोबाइल बाजूला, मुलाशी रोज अर्धा तास गप्पा आणि फारच काळजी वाटली तर समुपदेशकाकडे घेऊन जा, असा सल्ला होता. सल्ला चांगला आहे. मी तो सूनबाईंना वाचूनही दाखवला. माझा नातू खासगी शाळेत जातो. तिथं समुपदेशक मॅडमची वेगळी खोली आहे, फोन केला की भेटीची वेळ मिळते. लेख वाचून होतोय तोच आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या बाई आल्या. त्यांची मुलगी सरकारी शाळेत नववीला आहे. बाई सकाळी सहाला घर सोडतात आणि पाच घरची कामं उरकून संध्याकाळी परततात. त्यांना या लेखातलं काय वाचून दाखवावं, ते मला कळेना. पत्र त्यासाठी लिहिते आहे. ते लांबणार आहे. कापायचं झालं तर कुठूनही कापा, फक्त खाली एका मुलीची हकीकत आहे तेवढी राहू द्या.

मी ३३ वर्षं मध्य प्रदेशच्या सरकारी शाळांत गणित शिकवलं. घरी मराठी, शाळेत हिंदी. पहिली नेमणूक देपालपूर तहसिलीतल्या एका खेड्यात होती, शेवटची १४ वर्षं इंदुरातल्याच एका माध्यमिक शाळेत गेली. २०२३ साली निवृत्त झाले. आता मंगळवारी आणि शुक्रवारी त्याच शाळेत जाऊन आठवीच्या कच्च्या मुलांचं गणित घेते. शाळेचं नाव देत नाही आणि मुलांचीही देत नाही. ती आता मोठी झाली आहेत आणि याच शहरात राहतात.

२०१८-१९ चं सत्र होतं. सातवीत एक मुलगी होती. अभ्यासात बेताची, पण अक्षर मोत्यासारखं. अपूर्णांकातली आडवी रेघसुद्धा पट्टीनं मारायची. दिवाळीच्या सुट्टीनंतर तिचं पोट दुखायला लागलं. रोज, तेही मधल्या सुट्टीनंतरच. माझ्या कपाटात ओव्याची डबी असायची, कारण बरीच मुलं सकाळी उपाशीच शाळेत येतात आणि मग पोट धरून बसतात. चिमूटभर ओवा, वर पाणी, आणि डोकं टेकून बस म्हणायचं. तिच्याही बाबतीत तेच केलं. कधी फारच कळवळली तर घरी सोडायचे. घरी जा म्हटलं की दप्तर उचलून ती अक्षरशः पळत सुटायची. पोटात कळ येत असलेलं मूल असं पळत नाही, एवढं साधं माझ्या ध्यानात आलं नाही.

मग एक दिवस तिची डावी भुवई अर्धी नाहीशी झालेली दिसली. मी भर वर्गात म्हटलं, "ब्यूटी पार्लर गई थी क्या? सातवीं में ही?" वर्ग हसला. ती मान खाली घालून उभी राहिली. तिचा हात आपसूक भुवईकडे गेला, चिमटीत एक केस धरला आणि उपटला. बोटं खाली आणून तिनं तो केस बघितला आणि फ्रॉकला पुसला. हे सगळं माझ्यापासून चार हातांवर. तरी मला काही कळलं नाही, उलट ही मुद्दाम करते आहे असं वाटून मी आणखी चिडले.

खूप ताणाखाली असलेली काही मुलं स्वतःचे केस उपटतात, भुवया आणि पापण्या विरळ होतात, टाळूवर चकत्या पडतात. डॉक्टर हा आजार ओळखतात आणि त्याला उपचारही आहेत. हे मला त्यानंतर तीन महिन्यांनी समजलं. शिक्षणाचा अधिकार कायदा २००९ च्या कलम १७ नं शाळेत शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई केली आहे. मी कधी छडी हातात धरली नाही, आणि त्याचा मला अभिमान होता. पण त्या दिवशी मी जे बोलले ते कलम १७ खालीच येतं. हे वर्तमानपत्रात लिहायला मला जड जातं आहे, तरी लिहिते, कारण त्या क्षणी माझ्यासारखंच वागणारे शिक्षक हजारो आहेत, आणि ते काही वाईट नाहीत. त्यांना कोणी दाखवलेलंच नाही.

खरा प्रकार कळला तो मध्यान्ह भोजन रांधणाऱ्या ताईंना. ती मुलगी पंगतीत शेवटी बसायची आणि रोज एक पोळी रुमालात बांधून ठेवायची. ताईंनी सहज विचारलं. ती म्हणाली, "मम्मी के लिए. मम्मी खाती नहीं हैं." आणि मग चुलीजवळ बसून तिनं सगळं सांगितलं. मे महिन्यात बारावीचा निकाल लागला, त्या रात्री तिच्या मोठ्या भावानं जीव दिला होता. दोन विषय राहिले होते त्याचे. त्यानंतर घरात त्याचं नाव निघेनासं झालं, फोटो पेटीत गेला, दिवाळीत दारात पणतीसुद्धा लागली नाही. वडील ट्रकवर, महिन्यातले वीस दिवस बाहेर. आणि ही बारा वर्षांची पोर रोज दुपारी, आई धड आहे ना, एवढं बघायला घरी पळत होती. शाळेत येताना ती आईला दार आतून लावू नकोस म्हणून सांगून यायची. दुखणं खरं होतं तिचं. ओव्यानं जाणारं नव्हतं.

मध्य प्रदेशात दहावी-बारावीत नापास झालेल्यांना त्याच वर्षी पुन्हा परीक्षेला बसता यावं म्हणून 'रुक जाना नहीं' ही योजना २०१६ मध्येच सुरू झाली होती. तो मुलगा गेला त्याच्या दोन वर्षं आधी. त्या घरात कुणाला ती माहीत नव्हती. २०२५ पासून तर आमच्या बोर्डानं त्याच वर्षी दुसरी परीक्षा घ्यायला सुरुवात केली आहे, आणि तरीही निकालाच्या दिवशी नापास मुलाला जवळ बसवून 'अरे, अजून एक परीक्षा आहे, हा फॉर्म, ही तारीख' असं सांगणारा माणूस शाळेत असेलच अशी खात्री नाही. निकाल मोबाइलवर लागतो. मूल एकटंच कुठल्यातरी कोपऱ्यात तो बघतं.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशभरात १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांची नोंद आहे. परीक्षेतलं अपयश हे कारण ज्यांच्यापुढे लिहिलं गेलं अशा आत्महत्या त्या वर्षी २,२४८ होत्या. हे आकडे वाचले की मला गेलेल्या मुलाबरोबर मागे राहिलेली भावंडंही दिसतात. त्यातलं प्रत्येक जण कुठल्या ना कुठल्या वर्गात, कुठल्या ना कुठल्या बाकावर बसलेलं असतं. त्यांची मोजदाद कुठल्याच अहवालात नाही.

तर मुलीची गोष्ट. मी मुख्याध्यापकांकडे गेले. भला माणूस होता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "मॅडम, भेजें कहाँ?" माझ्या दृष्टीनं सगळा प्रश्न या दोन शब्दांत आहे. पाठवायचं कुठं?

इंदुरात बाणगंगेला सरकारी मानसिक रुग्णालय आहे. तिथले डॉक्टर आपलं काम करतात, त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण महाराष्ट्रात येरवडा किंवा ठाणे म्हटलं की जे हसू येतं लोकांना, ते आमच्याकडे बाणगंगा म्हटलं की येतं. वर्गात मुलं एकमेकांना 'इसको बाणगंगा भेजो' म्हणताना मी कितीदा ऐकलं आहे. मुलीच्या आईला मी डॉक्टरकडे जायचं सुचवलं तेव्हा तिचं पहिलं वाक्य होतं, "मेरी बेटी पागल नहीं है मॅडम." मी म्हटलं, नाही, अजिबात नाही. तिला सर्दी झाली असती तर दवाखान्यात नेली असतीत ना? तसंच समजा. हे समजवायला मला चार शनिवार लागले.

मग एका सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात त्या गेल्या. पहिल्या वेळी मी बरोबर होते. पर्चीची रांग, मग डॉक्टरांची रांग, मग औषधांची. सकाळी साडेआठला गेलो ते दीड वाजता बाहेर पडलो. डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या, मुलीशी हळू आवाजात बोलल्या, पण त्यांच्या दाराबाहेर साठ माणसं उभी होती आणि आमच्या वाट्याला जेमतेम सात मिनिटं आली. पंधरा दिवसांनी या, म्हणाल्या. आई चिवड्याच्या कारखान्यात पाकिटं भरायची, रोजंदारीवर. एक खेप म्हणजे एक दिवसाची मजुरी आणि रिक्षाचे पैसे. तीन खेपा झाल्या, चौथी झाली नाही. यात मी त्या आईला दोष देणार नाही. डॉक्टरांनाही देणार नाही.

मुलगी सावरली ती दुसऱ्याच वाटेनं. जानेवारीत समाजकार्याच्या, म्हणजे एमएसडब्ल्यूच्या अभ्यासक्रमाची एक विद्यार्थिनी आमच्या शाळेत प्रत्यक्ष कामासाठी आली. बाविसेक वर्षांची, खरगोनकडची. तिला बसायला जागा हवी होती. शाळेत रिकामी खोली एकच, स्टोअर रूम. मोडकी बाकं, गेल्या निवडणुकीतले उरलेले पुठ्ठे, पाय तुटलेली हार्मोनियम, गुंडाळलेले नकाशे. दाराला कडी नव्हती. आम्ही दोन बाकं सरळ केली आणि जुना निळा पडदा दारावर टांगला. पडदा ओढलेला असेल तर आत जायचं नाही, असा नियम त्या मुलीनं पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगितला, शिपायापासून मुख्याध्यापकांपर्यंत. मला आधी वाटलं होतं, केवढीशी पोर आणि आम्हाला नियम सांगते. नंतर कळलं की तो पडदा हाच अर्धा उपचार होता.

मंगळवारी आणि शुक्रवारी, चाळीस मिनिटं. ती आमच्या मुलीला बोलतं करायला घाई करत नसे. दोघी चित्रं काढायच्या, कधी नुसत्याच बसायच्या. एका शुक्रवारी तिनं आईलाही बोलावून घेतलं, कारखान्याच्या पगाराच्या दिवशी, म्हणजे मजुरी बुडणार नाही. त्या दिवशी पडद्याआडून पहिल्यांदा भावाचं नाव ऐकू आलं. कोणीतरी ते मोठ्यानं उच्चारलं होतं आणि नंतर खूप वेळ रडण्याचा आवाज येत होता. मी बाहेर सहावीची हजेरी घेत होते, मधेच थांबले. मुलांनीही काही विचारलं नाही. मार्चमध्ये मुलीच्या भुवईत बारीक काळे केस दिसायला लागले.

एप्रिलमध्ये त्या विद्यार्थिनीचा कार्यकाळ संपला. तिनं अहवाल लिहिला, सही घेतली, सगळ्यांना पेढे दिले आणि गेली. पुढच्या वर्षी कोणी आलं नाही, त्याच्या पुढच्या वर्षी करोना. निळा पडदा कुणीतरी फळा पुसायला फाडला.

संपादक महाराज, मला जे म्हणायचं आहे ते एवढंच आहे. सरकारी शाळेत एक असा मोठा माणूस हवा, ज्याला शाळेत दुसरं काहीही काम नाही. त्याच्याकडे मार्कांची वही नको, हजेरी नको. त्याला मुलाचं ऐकायला वेळ हवा, पुढे कुठं पाठवायचं ते माहीत हवं, आणि दाराला कडी नसली तर निदान पडदा हवा.

ही नुसती माझी इच्छा राहिलेली नाही. २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं, विशाखापट्टणमला नीटची तयारी करणाऱ्या एका सतरा वर्षांच्या मुलीच्या मृत्यूच्या प्रकरणात, देशातल्या सगळ्या शिक्षणसंस्थांसाठी पंधरा निर्देश दिले. वृत्तपत्रांनी त्यातलं कोचिंगचं आणि वसतिगृहातले पंखे सुरक्षित करण्याचं तेवढं ठळक छापलं, म्हणून पुष्कळांना वाटतं की तो निकाल कोट्याच्या किंवा आमच्या भंवरकुआंच्या क्लासवाल्यांसाठी आहे. तो शाळांनाही लागू आहे, सरकारी आणि खासगी दोन्ही. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथं किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसतज्ज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमायचा. शंभराहून कमी असतील तर बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घ्यायचं. सगळ्या कर्मचाऱ्यांना, शिक्षकांना आणि इतरांनाही, वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण द्यायचं. 'इतरांनाही' हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण आमच्या शाळेत जे मला दिसलं नाही ते स्वयंपाक करणाऱ्या ताईंना दिसलं होतं. कायदा होईपर्यंत हे निर्देश बंधनकारक आहेत.

माझी भीती वेगळीच आहे. सरकारी शाळेत आदेश आला की त्याचा 'प्रभार', म्हणजे कुणा शिक्षकावर टाकलेली जादा जबाबदारी, होतो. आमच्याकडे छात्रवृत्तीचा प्रभार, मध्यान्ह भोजनाचा प्रभार, खेळाचा प्रभार, समग्र आयडी (राज्य सरकारचा ओळख क्रमांक) जुळवायचा प्रभार, मतदार यादीचं काम, सगळं त्याच पाच-सहा शिक्षकांच्या डोक्यावर असतं. उद्या एक कागद येईल आणि गणिताच्या मॅडम 'प्रभारी समुपदेशक' होतील. फलक लागेल, फोटो काढून व्हॉट्सअॅपच्या गटावर टाकला जाईल, आणि पोर्टलवर 'होय' अशी खूण होईल.

असं का वाटतं, तर एक चांगला प्रयोग मी जवळून पाहिला आहे. २०२० मध्ये आयुष्मान भारतखाली शालेय आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. त्यात प्रत्येक शाळेतले दोन शिक्षक, एक पुरुष आणि एक स्त्री, 'आरोग्यदूत' म्हणून तयार करायचे आणि त्यांनी अकरा विषय मुलांना शिकवायचे. त्यातला एक विषय मनाचं आरोग्य हा आहे. मी ते प्रशिक्षण घेतलं. पुस्तिका छान होती, शिकवणारे मनापासून शिकवत होते, मला स्वतःला खूप उपयोग झाला. केस उपटणं, सतत दुखणारं पोट, अचानक गप्प होणं, याकडे बघायची नजर आली. पण पाच दिवसांच्या प्रशिक्षणानं समुपदेशक तयार होत नाही, जसा पाच दिवसांत डॉक्टर होत नाही. आणि दुसरी अडचण त्याहून मोठी. जी बाई माझा पेपर तपासते, माझ्या आईला बोलावून तक्रार करते, तिला मी मनातलं कसं सांगू? एका आठवीतल्या मुलानं मला हे तोंडावर सांगितलं होतं, "आप तो मॅडम हो." त्याचं बरोबर होतं.

आणखी एक. शिक्षकांच्या खोलीत चहा होतो, गप्पा होतात, आणि मुलानं विश्वासानं सांगितलेली गोष्ट चार दिवसांत चौथ्या वर्गापर्यंत जाते. कुणी वाईट हेतूनं करत नाही, पण जाते. समुपदेशक शिकलेला असतो, काय पोटात ठेवायचं आणि काय ठेवायचं नाही ते त्याला माहीत असतं. कारण काही गोष्टी ठेवायच्याच नसतात. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे ते पोलिसांना कळवावंच लागतं, मग ते कळलेला माणूस शिक्षक असो की शिपाई. निवृत्त होईपर्यंत माझ्या बरोबरीच्या अर्ध्याअधिक शिक्षकांना हे माहीत नव्हतं.

आता कोणी म्हणेल, एवढे समुपदेशक आणायचे कुठून आणि पैसे कुठले? मानसोपचारतज्ज्ञ कमी आहेत हे मान्य. पण शाळेला मानसोपचारतज्ज्ञ लागत नाही. बंगळुरूच्या निमहान्स या मानसिक आरोग्य संस्थेनं २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयाच्या मुलांमध्ये मानसिक आजाराचं प्रमाण सुमारे ७.३ टक्के आढळलं. म्हणजे माझ्या चाळीसच्या वर्गात तीन मुलं. बाकीच्यांना आजार नसतो, परीक्षेची भीती असते, घरातली भांडणं असतात, कुणीतरी गेलेलं असतं. एनसीईआरटीच्या २०२२ च्या पाहणीत ८१ टक्के मुलांनी अभ्यास, परीक्षा आणि निकाल हे काळजीचं कारण म्हणून सांगितलं होतं. त्यांना औषध नको असतं, ऐकणारं कोणी हवं असतं. आणि त्या तिघांना वेळेवर ओळखून डॉक्टरांपर्यंत पोचवणारं कोणी हवं असतं. हे काम मानसशास्त्रात एमए केलेली, एमएसडब्ल्यू झालेली मुलं-मुली करू शकतात. भोपाळच्या क्षेत्रीय शिक्षण संस्थेत एनसीईआरटीचा मार्गदर्शन आणि समुपदेशनाचा पदविका अभ्यासक्रम आहे. इंदुरात समाजकार्याचं शिक्षण कित्येक दशकं दिलं जातं आहे. शिकलेली मुलं आहेत, त्यांच्यासाठी सरकारी शाळेत जागा नाही.

आमच्या राज्यात शिक्षकांची जागा रिकामी असली की अतिथी शिक्षक घेतात. त्याची पद्धत ठरलेली आहे, पोर्टल आहे, मानधन आहे. त्याच पद्धतीत 'अतिथी समुपदेशक' असा एक रकाना वाढवता येणार नाही का? कायम नेमणुका होतील तेव्हा होतील. तोवर जवळजवळच्या शाळांच्या एका संकुलाला एक माणूस द्या. तो सोमवारी या शाळेत, मंगळवारी त्या शाळेत, पण वार ठरलेला हवा आणि वर्षभर माणूस तोच हवा. चार महिन्यांनी बदलणारा नको. मूल एकदा कुणाला सांगतं, दुसऱ्या नव्या माणसाला पुन्हा पहिल्यापासून सांगत नाही. आमची मुलगी त्या पेढ्यांच्या दिवशी एक अक्षर बोलली नव्हती.

आमच्या पिढीतले लोक, आणि आमच्या मराठी मंडळींत तर जरा जास्तच, म्हणतात की आमच्या वेळी कुठं होतं हे सगळं? आम्ही नाही का मोठे झालो? मी रामबागेतल्या वाड्यात वाढले. बावीस बिऱ्हाडं होती. बाबांनी रागावलं तर मी समोरच्या काकूंकडे जाऊन बसायची, त्या काही विचारायच्या नाहीत, नुसतं शेंगा सोलायला द्यायच्या. सोलता सोलता सगळं बाहेर यायचं. आमच्या वेळी समुपदेशक नव्हता, कारण काकू होत्या. आज आमच्या शाळेतली मुलं झाबुआ, अलीराजपूर, खरगोनहून कामाला आलेल्यांची आहेत. दहा बाय दहाच्या भाड्याच्या खोलीत पाच माणसं, दर वर्षी खोली बदलते, शेजार बदलतो. आईबाप कामावर. त्यांच्या वाट्याला काकू कुठून येणार?

समुपदेशक नेमला जाईपर्यंत दोन गोष्टी मात्र आजही करता येतात.

एक म्हणजे १४४१६ हा आकडा. १० ऑक्टोबर २०२२ ला केंद्र सरकारनं 'टेली-मानस' ही मानसिक आरोग्याची फोनसेवा सुरू केली, तिचा हा क्रमांक. फोन फुकट, चोवीस तास, हिंदीत बोला, मराठीत बोला. न्यायालयानंही असे क्रमांक वर्गात आणि सगळ्यांच्या नजरेला पडतील अशा जागी मोठ्या अक्षरांत लावा असं सांगितलं आहे. निवृत्त व्हायच्या आधी मी तो आमच्या शाळेच्या पाण्याच्या टाकीवर, मध्यान्ह भोजनाचा वारांनुसार मेनू रंगवलेला आहे त्याच्या खाली, निळ्या ऑइलपेंटनं लिहून घेतला. पाणी भरताना मुलं तिथं उभी राहतातच. लिहून झाल्यावर एका सहावीतल्या मुलानं विचारलं, "मॅडम, इस पर बोलते क्या हैं?" तोपर्यंत माझ्या डोक्यात आलंच नव्हतं की फोन लावून पहिलं वाक्य काय बोलायचं हेही मुलाला शिकवावं लागतं. मग आम्ही वर्गात सराव केला. एक मूल फोन करणार, मी पलीकडची ताई. 'नमस्ते, मुझे नींद नहीं आती.' 'नमस्ते, मुझे स्कूल जाने का मन नहीं करता.' सुरुवातीला हसत होती. अर्ध्या तासानं हसणं बंद झालं. त्या सरावात मुलांनी जी वाक्यं सुचवली ती खोटी नव्हती, हे मला त्यांच्या चेहऱ्यांवरून दिसत होतं. आणि एका मुलीनं हळूच सांगितलं की घरी फोन पप्पांकडे असतो, संध्याकाळी सातला येतो. म्हणून मुख्याध्यापकांशी बोलून मधल्या सुट्टीत ऑफिसातला फोन मुलांना वापरू द्यायचं ठरलं, आणि त्या वेळी बाबूजींनी, म्हणजे ऑफिसातल्या कारकुनांनी, बाहेर येऊन बसायचं.

दुसरी गोष्ट आपल्या वाचकांपैकी माझ्यासारख्या निवृत्तांसाठी. कृपा करून मुलांना उपदेश करायला शाळेत जाऊ नका, समुपदेशन हे शिकून करायचं काम आहे. पण रांगेत उभं राहायला शिक्षण लागत नाही. त्या मुलीचा उपचार तुटला तो रांगेमुळे आणि बुडणाऱ्या मजुरीमुळे. आता आमच्या भजनी मंडळातल्या आम्ही चौघींनी पाळ्या लावल्या आहेत. शाळेतल्या कुणा मुलाला रुग्णालयात न्यायचं असेल तर आमच्यातली एक आठ वाजता जाऊन पर्चीच्या रांगेत उभी राहते आणि नंबर जवळ आला की आईला फोन करते. आईचा निम्मा दिवस वाचतो. जायच्या-यायच्या रिक्षाचे पैसे मंडळाच्या पेटीतून. आतापर्यंत तीन मुलांच्या खेपा अशा झाल्या. त्यातल्या एकाचा उपचार सहा महिने एकदाही चुकलेला नाही. आत डॉक्टरांकडे आम्ही जात नाही, मुलाचं नावही मंडळात सांगत नाही. आमच्या लोकमान्यनगरात, सुदामानगरात, राजेंद्रनगरात असे हात रिकामे असलेले पुष्कळ जण आहेत.

आपल्याला एक विनंती आहे. परीक्षेपासून निकालापर्यंतच्या दिवसांत १४४१६ हा क्रमांक आपल्या अंकात रोज, पहिल्या पानावर, राशिभविष्याएवढ्या तरी जागेत छापा. आणि निकालाच्या दिवशी गुणवंतांच्या फोटोशेजारी दुसऱ्या परीक्षेचा फॉर्म कधी, कुठं भरायचा, तेही छापा. आपल्या वार्ताहरांनी शिक्षण विभागाला एक प्रश्न जरूर विचारावा, की न्यायालयाच्या आदेशानंतर इंदूर जिल्ह्यातल्या किती सरकारी शाळांत समुपदेशक नेमले, आणि त्यातले किती जण त्याच शाळेत दुसरा विषयही शिकवतात. उत्तर आलं की ते छापा. कमी असलं तरी छापा.

आमच्या शाळेला यंदा रंग लावला. टाकीवरचा निळा आकडा पांढऱ्याखाली गेला. मेनू पुन्हा रंगवून झाला आहे, आकडा राहिला आहे. मुख्याध्यापकांनी परवानगी दिली आहे, येत्या मंगळवारी मी रंगाचा डबा घेऊन जाते आहे.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका
लोकमान्यनगर, इंदूर
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे.)